धुळे मतदारसंघाचा कौल : बोलीभूगोलाच्या दृष्टीने काही विचार

मतमोजणीच्या आकड्यांवरून एखाद्या प्रदेशाविषयी काही विधान करावयाचे तर ते कोणत्या मर्यादेपर्यंत करता येते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. राज्यशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. तथापि प्रदेश, सीमा आणि नकाशा यांच्याशी बोलीभूगोलाचा संबंध जुना असून या बाबतीत त्याने ज्या चुका केल्या आणि मागाहून सुधारल्या, त्यांचा उपयोग शेजारच्या शास्त्रास होण्यासारखा आहे, असे वाटल्यावरून हे धाडस केले आहे.

निमित्त साधेच घडले. अहिराणी बोलीच्या सामाजिक स्थानाविषयी प्रबंधिका लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रास्ताविक प्रकरणात पुढील वाक्य लिहून आणले : '२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळ्याचा कौल एकट्या मालेगावने फिरविला.' वाक्याखाली रेघ ओढून आधार विचारला, तेव्हा 'हे तर सर्वांना ठाऊक आहे, सर' असे उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते. देवपुरातल्या कोणत्याही चहाच्या दुकानात, पांझरेच्या या तीरावर काय आणि त्या तीरावर काय, निकालानंतर हे वाक्य ऐकू येतच होते. परंतु जे सर्वांना ठाऊक असते ते तपासून पाहण्यासाठीच विद्यापीठे काढलेली असतात. शिवाय हे वाक्य निरुपद्रवी नाही. एका शहराने बाकीच्यांचे मत पुसून टाकले, असा आरोप त्यात दडलेला आहे. आणि ते शहर बहुसंख्येने एका धर्माचे असल्याने आरोपाचा रोख कोठे जातो हे सांगावयास नको. म्हणून आधी आकडे पाहू.

धुळे लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. धुळे ग्रामीण, धुळे शहर आणि शिंदखेडा हे तीन धुळे जिल्ह्यातले. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तीन नाशिक जिल्ह्यातले. या मतदारसंघात २० मे २०२४ रोजी मतदान झाले आणि ४ जून रोजी निकाल लागला. काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना ५,८३,८६६ आणि भारतीय जनता पक्षाचे सुभाष भामरे यांना ५,८०,०३५ मते पडली. अंतर अवघे ३,८३१. एकट्या मालेगाव मध्यमध्ये बच्छाव यांना १,९८,८६९ व भामरे यांना ४,५४२ मते होती, म्हणजे तेथील आघाडी १,९४,३२७ ची. उरलेल्या पाचही ठिकाणी भामरे पुढे होते. टपाली मते धरून मालेगाव मध्यबाहेर त्यांची आघाडी १,९०,४९६ भरते. पाचांनी एक बाजू घेतली, एकाने दुसरी, आणि एकाचे पारडे जड झाले : विद्यार्थ्याचे वाक्य येथून निघाले आहे.

आकडे खरे आहेत. प्रश्न आहे तो त्यांवरून काढलेल्या अर्थाचा. बेरजेला क्रम नसतो. सहा राशी मिळवून जे उत्तर येते ते शेवटी मांडलेल्या राशीमुळे आले, असे म्हणण्यास गणितात जागा नाही. मोजणीच्या फेऱ्या पाहत बसलेल्या माणसास मात्र शेवटी उघडलेल्या पेट्यांनी निकाल 'फिरविला' असे वाटते. ही मनाची सवय आहे, आणि एखाद्या कथनाला ती शोभूनही दिसते. 'फिरविला' या क्रियापदात काळ गृहीत धरलेला आहे : आधी एक स्थिती होती, नंतर ती बदलली. तेव्हा या क्रियापदाशी प्रामाणिक राहावयाचे तर खरोखरच काळाची तुलना केली पाहिजे. मोजणीच्या सकाळची सायंकाळशी नव्हे, तर २०१९ ची २०२४ शी.

२०१९ मध्ये याच मतदारसंघात, याच सीमांच्या आत, भामरे यांना ६,१३,५३३ आणि काँग्रेसचे कुणाल पाटील यांना ३,८४,२९० मते मिळाली होती. आघाडी २,२९,२४३ ची. त्याही वर्षी मालेगाव मध्यमध्ये भामरे मागेच होते. याचा अर्थ असा की मालेगाव मध्य बाजूला काढले तर उर्वरित भागातील त्यांची आघाडी २,२९,२४३ पेक्षा अधिकच असली पाहिजे. किती अधिक, हा प्रश्न तूर्त सोडून देऊ. २०२४ मध्ये त्याच उर्वरित भागातील आघाडी १,९०,४९६ वर आली. म्हणजे मालेगाव मध्यच्या बाहेर, जेथे सर्वत्र भामरेच पुढे राहिले तेथे, त्यांची आघाडी किमान ३८,७४७ ने घटली. पराभवाचे अंतर ३,८३१ आहे. घट त्याच्या दहापटीहून अधिक.

दुसऱ्या बाजूनेही हाच पडताळा येतो. काँग्रेसची मते पाच वर्षांत १,९९,५७६ ने वाढली. मालेगाव मध्यमध्ये २०२४ साली तिला जी एकूण मते पडली ती १,९८,८६९. २०१९ साली तेथे काँग्रेसला एकही मत नव्हते असे क्षणभर धरले (आणि तसे कोणीच म्हणणार नाही), तरीही सगळी वाढ त्या एका ठिकाणची ठरत नाही. प्रत्यक्षात २०१९ मध्येही त्या पक्षाला तेथे मोठे मतदान झाले होते. तितकी वाढ बाहेरच्या पाच ठिकाणांच्या नावे जमा करावी लागते.

याचा अर्थ मालेगावात काही घडलेच नाही असा नव्हे. तेथील मते एकवटली, हे स्पष्ट आहे. २००९ साली मालेगावचे जुने समाजवादी नेते निहाल अहमद स्वतः उमेदवार होते, आणि भाजपचे प्रताप सोनवणे यांनी काँग्रेसच्या अमरीशभाई पटेल यांच्यावर मिळविलेली आघाडी वीस हजारांच्या आतच होती. २०२४ मध्ये वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार अब्दुर रहमान यांचा अर्ज छाननीत बाद झाला. अशा गोष्टींनी मते विभागतात वा जुळतात. परंतु निकालास दोन हालचाली कारण झाल्या असताना एकीलाच नाव देणे आणि दुसरीला मौनात ठेवणे हे वर्णन नव्हे. पाच ठिकाणी पुढे असलेला उमेदवार त्या पाच ठिकाणी मागील खेपेपेक्षा कमी पुढे होता, हे वाक्य कोणी म्हणत नाही. कारण त्यात गोष्ट नाही.

येथे बोलीभूगोलाकडे वळतो. जर्मनीत गेओर्ग वेंकर याने १८७६ मध्ये गावोगावच्या शाळामास्तरांकडे काही वाक्ये पाठवून ती स्थानिक बोलीत लिहून मागविण्याचा उपक्रम सुरू केला. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील जर्मन बोली यांच्यामध्ये एकच स्वच्छ रेषा मिळेल अशी अपेक्षा होती. उत्तरे नकाशावर मांडली तेव्हा ती रेषा विसकटली. एका शब्दाची सीमा एका गावावरून गेली, दुसऱ्या शब्दाची दोन गावे सोडून. फ्रान्समध्ये झ्यूल झिलिएरों याच्या संपादनाखाली १९०२ ते १९१० या काळात निघालेल्या बोलीनकाशांनीही हेच दाखविले. तेव्हापासून बोलींचा अभ्यासक 'अमुक बोलीचा प्रदेश' असे म्हणताना कोणत्या रूपाची सीमा धरली आहे, हे आधी सांगतो.

घरचे उदाहरण घ्यावे. अहिराणीत 'आहे' या अर्थी 'शे' किंवा 'से' येतो, आणि षष्ठीला 'ना, नी, नं' हे प्रत्यय लागतात. भुसावळ, यावल, रावेर या भागातील लेवा बोलीत ही दोन्ही रूपे थांबतात. परंतु 'मला' या अर्थी 'माले' म्हणण्याची, म्हणजे चतुर्थीच्या 'ले' ची सीमा घ्या : ती अहिराणीत थांबत नाही, लेवा बोलीतून पुढे वऱ्हाडात जाते. 'शे' ची रेषा धरली तर खानदेशाचे दोन तुकडे पडतात. 'ले' ची धरली तर खानदेश वऱ्हाडास जोडला जातो. कोणता नकाशा खरा? दोन्ही खरे आहेत; 'खानदेशी भाषेची सीमा' ही कल्पना तेवढी सैल आहे.

मतदानाच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे. बोलीची सीमा निदान बोलणारे आखतात. मतदारसंघाची सीमा एक आयोग आखतो, आणि मतमोजणी त्या सीमेच्या आतच होते. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी मालेगाव हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ होता. धुळे हा २००४ पर्यंत अनुसूचित जमातींसाठी राखीव होता. पुनर्रचनेने मालेगाव नावाचा मतदारसंघ संपला, मालेगावचे दोन्ही विधानसभा मतदारसंघ आणि बागलाण धुळ्याकडे आले, आणि धुळे सर्वसाधारण झाले. धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर हे दोन तालुके नंदुरबार मतदारसंघात आहेत. तेव्हा 'धुळ्याचा कौल' या शब्दांत जे धुळे आहे ते धुळे जिल्हाही नव्हे, धुळे शहरही नव्हे आणि २००४ पूर्वीचे धुळे तर नव्हेच. त्याचे सहापैकी तीन भाग नाशिक जिल्ह्यातले. मालेगावने धुळ्याचा कौल फिरविला, या वाक्यात मालेगाव हे धुळ्याच्या बाहेरचे कोणी तरी असल्याचा भास होतो. मतदारसंघ म्हणून पाहिले तर शिंदखेडा जितके धुळे आहे तितकेच मालेगाव मध्य धुळे आहे.

बोलीच्या दृष्टीने पाहिले तर या मतदारसंघास काही एकरूपता आहे, हे मान्य केले पाहिजे. बागलाण, मालेगावचा ग्रामीण भाग, धुळे, शिंदखेडा हा सारा अहिराणीचा टापू. मालेगाव शहरात मात्र उर्दू बोलणारी वस्ती मोठी आहे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून येऊन स्थायिक झालेल्या मोमीन विणकरांचा हा वारसा. त्यांच्या हातमागांचे पुढे यंत्रमाग झाले आणि शहर त्यांवर वाढले. एवढे पाहून 'अहिराणी टापू एका बाजूला, उर्दू शहर दुसऱ्या बाजूला' असा सोपा नकाशा काढण्याचा मोह भाषेच्या अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा. खानदेशाचा निवडणूक-इतिहासच त्याविरुद्ध साक्ष देतो.

१९५७ ची सार्वत्रिक निवडणूक द्वैभाषिक मुंबई राज्यात झाली. भाषा हाच त्या निवडणुकीचा प्रश्न होता. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला हादरा दिला. विदर्भ आणि मराठवाडा यांत काँग्रेस टिकून राहिली. त्या वर्षी धुळ्यातून निवडून आले ते उत्तमराव पाटील, समितीच्या आघाडीत असलेल्या जनसंघाचे. त्या पक्षाला देशभरात मिळालेल्या चार जागांपैकी ही एक. दुसरी रत्नागिरीची, आणि उरलेल्या दोन उत्तर प्रदेशात. शेजारच्या पूर्व खानदेशाने नौशेर भरुचा हे पारशी गृहस्थ लोकसभेत पाठविले. आता याच्याजवळ दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. ग्रिअर्सनने भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशीला मराठीत जागा दिली नाही. भिल्ली भाषांच्या सोबत बसविले. त्याच्या निर्णयावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला, तो येथे नको. परंतु तो निर्णय क्षणभर मान्य केला तर ज्या टापूची बोली मराठी नव्हे असे सर्वेक्षणाने ठरविले, त्याच टापूने पन्नास वर्षांनी मराठी राज्याच्या बाजूने प्रतिनिधी दिला, असे दिसते. बोलीचे रूप आणि भाषेविषयीची निष्ठा या दोन निराळ्या वस्तू आहेत. आणि १९६२ मध्ये धुळे पुन्हा काँग्रेसकडे गेले तेव्हा बोली काही बदलली नव्हती.

२०२४ मध्येही हेच. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव येथे अहिराणी बोलतात. हे सारे जळगाव मतदारसंघात आहे आणि तेथे भाजपच्या स्मिता वाघ २,५१,५९४ मतांनी निवडून आल्या. रावेरमध्ये, जेथे लेवा बोलीचे मोठे क्षेत्र आहे, रक्षा खडसे यांची आघाडी २,७२,१८३ होती. बोली दोन, कौल जवळजवळ सारखा. उलट नंदुरबारात काँग्रेसचे गोवाल पाडवी १,५९,१२० मतांनी विजयी झाले. तेथील सहाही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. पावरी, मावची, देहवाली अशा अनेक बोली. १९८१ ची पोटनिवडणूक धरून नऊ वेळा माणिकराव गावितांना पाठविणाऱ्या या मतदारसंघाने २०१४ आणि २०१९ मध्ये भाजपच्या हीना गावित यांना निवडले होते. बोली त्याच होत्या, कौल दोनदा उलटला. भाषाशास्त्रज्ञाने येथे आपल्या शास्त्राचा पराभव मोकळेपणाने कबूल करावा, हे बरे.

तर मग बोलीभूगोलाकडून घ्यावयाचे काय? त्याची पद्धत, त्याचा नकाशा नव्हे. आणि ती पद्धत घेताना दुसऱ्या एका शास्त्राने दिलेला इशाराही लक्षात ठेवावा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन याने १९५० मध्ये १९३० च्या जनगणनेचे आकडे घेऊन परदेशात जन्मलेले लोक आणि निरक्षरता यांचा संबंध तपासला. राज्यवार आकड्यांवरून सहसंबंध उणे ०.५३ निघाला : जेथे परदेशी लोक अधिक, तेथे निरक्षरता कमी. व्यक्तीव्यक्तींचे आकडे घेतले तेव्हा तो अधिक ०.१२ आला, म्हणजे परदेशात जन्मलेली व्यक्ती निरक्षर असण्याचा संभव किंचित जास्तच होता. कारण सोपे आहे. बाहेरून आलेले लोक ज्या राज्यांत वस्तीस गेले तेथील मूळ रहिवासीच अधिक साक्षर होते. प्रदेशाचा गुण व्यक्तीस लावला की चिन्हसुद्धा उलटू शकते.

आपल्या प्रश्नास हे कसे लागू पडते पाहा. मालेगाव मध्यसारख्या ठिकाणी, जेथे एका उमेदवारास दोघांच्या बेरजेपैकी सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक मते आहेत, तेथे व्यक्तींविषयी अनुमान बरेचसे सुरक्षित असते. जवळजवळ सर्वांनी एकच केले. परंतु धुळे शहरासारख्या मिश्र वस्तीच्या ठिकाणी एकूण आकड्यावरून कोणत्या समाजाने काय केले ते सांगता येत नाही. पाच ठिकाणची आघाडी घटली ती कोणाची मते सरकल्याने, कोणी घरी बसल्याने, की नव्याने मतदानास आलेल्यांमुळे, हे विधानसभावार बेरजेत दिसणे शक्य नाही. मालेगावविषयी आपण इतक्या खात्रीने बोलतो याचे एक कारण असे की तेथला आकडा वाचावयास सोपा आहे. जे सोपे दिसते तेच कारण म्हणून पुढे येते. अंधुक असते ते मागे राहते.

अंधुक भागाविषयी एक अनुमान येथे मांडतो, ते अनुमान म्हणूनच घ्यावे. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती ४ मे २०२४ रोजी, मतदानास सोळा दिवस उरले असताना, किमान निर्यातमूल्य व चाळीस टक्के शुल्क यांसह उठविली. बागलाण आणि मालेगावचा ग्रामीण भाग ही कांद्याची भूमी. बागलाणास लागून असलेले कळवण हे दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येते. तेथे मतदान त्याच दिवशी झाले, आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे भास्कर भगरे यांनी भाजपच्या भारती पवार यांचा १,१३,१९९ मतांनी पराभव केला. उलट जळगाव आणि रावेर हा कापसाचा व केळीचा प्रदेश. कांद्याची रेषा मतदारसंघाच्या रेषेवर थांबली असेल असे मानण्यास कारण नाही. ती 'ले' प्रमाणे पुढे गेली असेल. परंतु गेली असेल आणि गेली यांत अंतर आहे. बागलाणातही भामरेच पुढे होते, हे विसरून चालणार नाही.

सुदैवाने हे अंतर काही अंशी भरून काढता येते. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नमुना २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवारास पडलेली मते नोंदविलेली असतात, आणि ही पत्रके सार्वजनिक आहेत. मतदान केंद्र म्हणजे बहुधा एक गाव किंवा गावाचा एक भाग. बोलीच्या अभ्यासकास गावनिहाय नोंदीहून अधिक काय हवे? दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. टपाली मते केंद्रवार येत नाहीत, त्यांची बेरीज निराळी ठेवावी. आणि २०१९ व २०२४ या दोन वर्षांत केंद्रांचे क्रमांक व हद्दी बदललेल्या असू शकतात. क्रमांकास क्रमांक न जुळविता गावाच्या नावाने जुळवणी करावी, हे काम वेळखाऊ आहे. केंद्राच्या आकड्यावरूनही एकट्या माणसाचे मत कळत नाही, आणि ते कळू नये हेच योग्य.

त्या विद्यार्थ्याने ते वाक्य काढून टाकलेले नाही. मीही तसे सांगितले नाही. 'एकट्या' हा शब्द त्याने तूर्त पेन्सिलीने कंसात ठेवला आहे. बागलाण आणि कळवण यांच्या सीमेवर दोन्ही अंगांची गावे आधी घ्यावयाची आणि तेथून पूर्वेस मोसम नदीच्या खोऱ्याने मालेगावपर्यंत यावयाचे, असे ठरले आहे. पहिल्या गावांची यादी त्याने मागील आठवड्यात आणून दिली. त्यांतील एका गावाचे नाव दोन पत्रकांत दोन प्रकारे लिहिलेले आढळले आणि अर्धा तास गेला तो भाषाशास्त्रातच.